चष्मा घरी राहिला

उराहामा, १२ जुलै १९९३

तोमोए मावशींना नमस्कार.

इकडे जुलै अर्धा झाला तरी गारठा आहे. आई म्हणते, यंदा भाताचं काही खरं नाही.

मी चिहो. तुमच्या मामेबहिणीची मुलगी, आठवत असेन तर. आजी गेल्यानंतरच्या सातव्या वर्षाच्या विधीला तुम्ही आला होतात तेव्हा मी मागे कपबश्या धूत होते. तुम्ही फडकं घेऊन पुसायला लागलात आणि विचारलंत, "शाळा सोडलीस, मग आता काय करतेस?" इतकं सरळ मला कोणी विचारत नाही. लोक म्हणतात, "सध्या घरीच का?" मी सांगितलं, गावच्या लायब्ररीत पुस्तकांना कव्हरं घालते. तर तुम्ही म्हणालात, "म्हणजे आपण एकाच धंद्यातल्या. पत्र लिही." तुम्ही असंच म्हणाला असाल, पण मी लिहितेय. हे चौथ्यांदा लिहिलेलं आहे.

लायब्ररीत आम्ही दोघीच. नोनाका बाई आणि मी. कव्हरं, डिंक, फाटलेली पानं हे मला जमतं. फोन जमत नाही. मागवलेलं पुस्तक मोठ्या लायब्ररीच्या गाडीतून आलं की वाचकाला फोन करायचा असतो. मी आधी सगळं कागदावर लिहून काढते आणि मग वाचते. समोरच्याला कळत असेल का?

पण काउंटरवर मी थोडी सुधारलेय. इसोगाई आजोबा येतात, जाळी विणणारे, बंदरावर त्यांना सगळे घाबरतात. ते दर वेळी खिसे चाचपतात आणि म्हणतात, "चष्मा घरी राहिला, पोरी." मग मी त्यांची मागणीची चिठ्ठी पटकन भरून देते, सगळे रकाने. परवा त्यांनी नातवासाठी, पहिलीत शिकवतात त्या गोल वळणाच्या अक्षरांचं पहिलं पुस्तक मागितलं. म्हणाले, "घाई आहे. एप्रिलमध्ये गल्लीच्या कारभाराची पाळी आमच्या घरी येते." पाळीचा आणि नातवाच्या पुस्तकाचा काय संबंध ते कळलं नाही, पण विचारलं नाही. मी कोणाला काही विचारत नाही.

तुम्ही कॉलेजात मोठ्या माणसांना लायब्ररीचं काम शिकवता ना? मला त्या वर्गाला येता येणार नाही, हायस्कूल पूर्ण लागतं. तर पत्रातून थोडं सांगाल का? वेळ असेल तरच.

तुमची
चिहो


कानाझावा, २० जुलै

चिहो,

तू चार वेळा लिहिलंस, मी तीन वेळा वाचलं. तू एकानं पुढे आहेस. आणि मी असंच कधी म्हणत नाही.

काय शिकवते विचारलंस. सरकारी यादी मागू नकोस, झोप येईल. खरं काय ते सांगते. या उन्हाळ्यात वर्गात बेचाळीस जण आहेत. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, तीन मुलांची एक आई, एक माजी पोलीस, जो अजून उभा राहून आधी नाव आणि हुद्दा सांगतो. लहान पोराला काही येत नसलं की ते बोंबलून सांगतं. मोठा माणूस लपवतो. मान डोलवतो, वहीत रेघोट्या मारतो आणि घरी जाऊन स्वतःला शिव्या घालतो. म्हणून मी पहिल्या दिवशी फळ्याला हात लावत नाही. मी टेबलामागे बसते. एकेकानं समोर यायचं आणि लायब्ररीत विचारायची लाज वाटेल असा प्रश्न मला विचारायचा. पोलीस पुढे आला. मग म्हणाला, "घरात बायको वर्षभर बोलत नाही. त्याचं पुस्तक असतं का?" कोणी हसलं नाही. माझा वर्ग तिथून सुरू होतो.

कारण काउंटरपाशी आलेला माणूस पहिल्या वाक्यात खरं मागत नाही. तुझे ते आजोबाही नाहीत. चष्म्याचं एकदा नीट ऐक.

आणि एक. फोन करशील तेव्हा पुस्तकाचं नाव ज्यानं मागवलं त्यालाच सांगायचं. बायकोला नाही, मुलाला नाही, घरच्या मांजरालाही नाही. नोनाका बाईंनी हे सांगितलंच असेल.

मोठी माणसं व्याख्यानातून शिकत नाहीत, गोष्टीतून शिकतात. तेव्हा तिकडच्या गोष्टी लिहीत जा. मला लागतात.

तोमोए


उराहामा, २ ऑगस्ट

मावशी,

तुमचं पत्र बावीस तारखेला मिळालं. उत्तराला उशीर झाला. पाऊस थांबत नाहीये.

एक विचारायचं होतं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलीकडून चूक झालीय. तिनं एकवीस तारखेला इसोगाई आजोबांच्या घरी फोन केला. तीही माझ्यासारखी कागदावरून वाचते. कागदावर होतं, "इसोगाई आजोबा, तुम्ही स्वतः मागितलेलं ‘पहिलीसाठी गोल अक्षरं’ हे पुस्तक आलं आहे, कधीही न्या." फोन सुनेनं उचलला. आजोबांनीच उचलला असता तर काही झालं नसतं. पण त्या मुलीला मध्ये थांबता येत नाही, एकदा वाचायला लागली की शेवटपर्यंत जाते. सून म्हणाली, "पहिलीचं? आमचा तिसरीत आहे." मग तिनं फोनवर हात न ठेवताच मागे वळून विचारलं, "बाबा, पहिलीचं पुस्तक तुम्ही कोणासाठी मागवलंत हो?" ती तशी वाईट नाही. तिला खरंच कळलं नव्हतं. सगळे जेवायला बसले होते, वाट्यांचे आवाज येत होते, मग ते थांबले. मग नातू म्हणाला, "आजोबांना वाचता येत नाही?" आणि कोणीतरी हसलं.

त्या मुलीनं हे सगळं ऐकलं. फोन ठेवायचं तिला सुचलं नाही.

आता तिला कळलंय की चष्मा कधीच घरी राहिलेला नव्हता. गल्लीची फिरती पाटी घरोघर येते ना, सूचना वाचून शिक्का मारून शेजारी द्यायची, ती इतकी वर्षं त्यांची बायको वाचायची. ती गेल्या वर्षी वारली. आणि ज्याच्याकडे पाळी असते त्याला बैठकीत सगळ्यांसमोर त्या सूचना मोठ्यानं वाचाव्या लागतात. म्हणून एप्रिलच्या आत.

आजोबा पुस्तक न्यायला आलेच नाहीत. काउंटरमागे फडताळात आहे. त्या मुलीनं काय करावं?

चिहो


कानाझावा, १० ऑगस्ट

चिहो,

त्या मुलीनं आधी नोनाका बाईंना सगळं सांगावं. आजच. आजोबांच्या दारात जाऊन रडू नये, त्यानं फक्त तिचं ओझं हलकं होईल.

आणि तुला सांगू? कालचा वर्ग मी बावीस वर्षांत घेतलेला सगळ्यात चांगला वर्ग होता. मी ही गोष्ट सांगितली. नाव नाही, गाव नाही, फक्त एक बंदर, एक जाळी विणणारा म्हातारा आणि फोन. वाट्यांचे आवाज थांबले असं म्हटलं तेव्हा बेचाळीस माणसांत एकही हातपंखा हलत नव्हता. तीन मुलांची आई रडली. वाचकाचं गुपित राखायच्या नियमाचं पान वर्षानुवर्षं वाचून दाखवते, कोणाच्या डोक्यात शिरत नाही. काल शिरलं. हिराते म्हणून एक बाई आहेत, त्या नंतर म्हणाल्या, "आमच्या नणंदेचं सासर अशाच एका बंदरावर आहे." जग लहान आहे.

तू फार छान लिहितेस.

तोमोए


उराहामा, २९ ऑगस्ट

तोमोए मावशी,

हिराते बाईंची नणंद आमच्या गल्लीच्या मागेच राहते. पितरांच्या सणाला हिराते बाई तिच्याकडे आल्या होत्या. जाळी विणणारा म्हातारा आमच्याकडे एकच आहे.

परवा मासळीबाजारात एक बाई इसोगाई आजोबांना म्हणाली, "अहो, तुमची कीर्ती शहरातल्या कॉलेजात पोचली म्हणे!" मी तिथेच होते, पाठमोरी. ते म्हणाले, "हो का? मग फी मागायला हवी." सगळे हसले. ते पण हसले. मग मासळी न घेताच गेले.

काल त्यांची सून लायब्ररीत आली. त्यांचं कार्ड परत केलं आणि बीनच्या मिठाईचा डबा दिला, "आमच्यामुळे तुम्हाला त्रास झाला" म्हणून. तो डबा मला हातात धरवत नव्हता. एप्रिलची पाळी त्यांचा मुलगा घेणार आहे, ते पण तिनं सांगितलं. आजोबांनीच तसं ठरवलं म्हणे.

ती मुलगी मी होते. लायब्ररीत दोघीच आहोत हे मी तुम्हाला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. नोनाका बाईंना मी सांगितलंय. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मी तुला शिकवलंच नव्हतं." ते जास्त लागलं.

त्या पोलीसकाकांच्या बायकोबद्दल तुम्ही मला सांगितलंत तेव्हा मला बरं वाटलं होतं, तुम्ही मला आपलं समजलात म्हणून. आता वाटतं, त्यांना माहीत आहे का?

चूक आधी माझी. तुमच्यावर ढकलत नाहीये. पण यापुढे मी लिहिणार नाही.

चिहो


कानाझावा, १५ ऑक्टोबर

चिहो,

तुला पाठवलेली तीन पत्रं परत आली नाहीत, म्हणजे पोचली. उत्तर देऊ नकोस. पण हे एक वाच.

मला माहीत होतं. तुझं दोन ऑगस्टचं पत्र पहिल्यांदा वाचतानाच कळलं होतं की ती मुलगी तूच. सतरा वर्षांच्या पोरीनं "माझ्याबरोबरची एक मुलगी" लिहावं आणि मला कळू नये? पहिल्या दिवशी मी माणसांमध्ये हेच तर ओळखत असते. ओळखूनही मी न ओळखल्यासारखं उत्तर लिहिलं, कारण ओळखलं असं म्हटलं असतं तर तुला विचारावं लागलं असतं, सांगू का वर्गात? आणि तू नको म्हणाली असतीस. गोष्ट इतकी चांगली होती की मला नको ऐकायचं नव्हतं. तुझी चूक घाबरून झाली, चिहो. माझी अगदी शांत डोक्यानं, चहा पीत झाली.

मोठ्या माणसांना कसं शिकवावं यावर मी इतकी वर्षं भाषणं देत आलेय. त्यांची लाज सांभाळा, म्हणायचे. आणि मी शिकवत काय होते? एकाची लाज दुसऱ्याला. बावीस वर्षं. सगळ्यांना ती नुसती गोष्ट वाटायची.

शेवटच्या तासाला मी वर्गाला हे सांगितलं, तुझं काही न सांगता. पोलीस उभा राहिला. नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, मग म्हणाला, "बाई, माझं कुठे सांगितलंत का?" मी म्हटलं, "हो. एका पत्रात." तो खाली बसला. वही मिटली. मला वाटलं, आता उठून जाईल. तर म्हणाला, "मग आता तुमची पाळी. पुढे या आणि विचारा."

साठ वर्षांची मी, चिहो, टेबलाच्या त्या बाजूला गेले. इतकी वर्षं मी लोकांना तिथे उभं करत होते आणि तिथून टेबल केवढं मोठं दिसतं ते मला माहीतच नव्हतं. विचारलं, "ज्याचं गुपित आपण फोडलं त्याच्याकडे परत कसं जायचं?"

मग बँकेवाले म्हणाले, "जायचं नाही. तो आलाच, तर येता येईल अशी जागा करून ठेवायची."

हे मी शिकवलेलं नव्हतं.

एवढंच एक सुचवते. आजोबांसाठी तू भरलेल्या मागणीच्या चिठ्ठ्या असतील तर बघ.

तोमोए


उराहामा, २७ नोव्हेंबर

मावशी,

लिहिणार नाही म्हटलं होतं. राग गेलाय असं नाही. पण चिठ्ठ्या बघितल्या.

जुन्या चिठ्ठ्या काम झालं की फाडतो, पण न नेलेल्या पुस्तकाची चिठ्ठी पुस्तकातच राहते. ती काढली. सगळं माझं अक्षर. नाव, पत्ता, पुस्तक. आणि खाली एक रकाना असतो, पुस्तक आल्यावर कसं कळवायचं: फोन, पत्र, किंवा कळवू नका. मी फोनवर खूण केलीय. त्यांना विचारलं नव्हतं. तो रकाना आहे हे त्यांना मी सांगितलंसुद्धा नव्हतं. मला वाटत होतं, मी मदत करतेय.

मग मी नोनाका बाईंना स्वतःहून म्हटलं, हा रकाना वर घेऊया का, नावाच्याही आधी, आणि मोठा करूया. आणि काउंटरवर पेन्सिल ठेवूया, माझ्या हातात नाही, वाचकाच्या बाजूला. एवढं सलग वाक्य मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्या म्हणाल्या, "आणि माणूस चष्मा विसरलो म्हणाला तर?" मी म्हटलं, "तर मी हा रकाना वाचून दाखवेन आणि गप्प बसेन." त्या हसल्या. "गप्प बसणं तुला येतंच."

फोनच्या कागदावर आता एकच ओळ आहे. "लायब्ररीतून बोलतेय, अमुक घरी आहेत का? नसले तर परत फोन करीन."

इसोगाई आजोबा परवा धक्क्यावर भेटले. जाळं पायात धरून विणत होते. मी पळून जाणार होते. त्यांनीच हाक मारली, "काय लायब्ररीवाल्या बाई, आज काय जाहीर करणार?" बाजूचे दोघं हसले. मी वाकून उभी राहिले आणि म्हटलं, "माझं चुकलं." तर म्हणाले, "काय चुकलं? मी कुठे काय मागितलं होतं?" मग सुई दातात धरली आणि माझ्याकडे बघितलंच नाही.

माफी मागितली तर ती घ्यायलासुद्धा त्यांना सगळ्यांसमोर ते कबूल करावं लागणार होतं. तुम्ही म्हणाला होतात, दारात जाऊन रडू नको. धक्का पण दारच होता.

ते पुस्तक मोठ्या लायब्ररीत परत गेलं. मुदत संपली.

चिहो


उराहामा, ९ मार्च १९९४

मावशी,

तुम्हाला घाईनं लिहितेय, एकदाच लिहितेय, चुका असतील.

इकडे दुकानात आपला तांदूळ मिळत नाही, परदेशचा लांब दाण्याचा मिळतो, आई त्याला शिव्या देत शिजवते. ते जाऊ दे.

काल बंद व्हायच्या वेळी, हिशोबाची वही मिटत होते तेव्हा नाही, मी चुकीचं लिहितेय, अजून उजेड होता, मी परत आलेली पुस्तकं लावत होते. दार सरकलं. इसोगाई आजोबा. तेलकट कोट, गमबूट. नोनाका बाई आत होत्या, त्या बाहेर आल्या नाहीत. मला वाटतं मुद्दाम.

ते काउंटरपाशी आले. मी म्हटलं, "या." पुढे काय म्हणायचं ते माझ्याकडे कागदावर नव्हतं.

त्यांनी खिसा चाचपला. चाचपत राहिले. मी बघत राहिले. मग खिशातून डबी काढली, डबीतून चष्मा, आणि तो काउंटरवर ठेवला, टक् करून.

म्हणाले, "आणलाय आज."

मी म्हटलं, "हो."

"पोरानं पाळी घेतो म्हटलं होतं. पण तो महिनाभर बोटीवर असतो. परवा सूनबाई म्हणाली, मी वाचीन सगळ्यांसमोर. मी म्हटलं, कशाला? घर माझ्या नावावर आहे." मग हळू आवाजात, "ती दुसरी, सरळ रेघांची कोनाची अक्षरं मला येतात, पोरी. आमच्या वेळी पहिलीत तीच आधी शिकवायचे. गोल शिकवायच्या आधी बाप बोटीवर घेऊन गेला. तेवढीच राहिलीत. ते गोल अक्षरांचं पुस्तक परत मागव."

"मग चिठ्ठी..." मी म्हटलं, आणि माझा हात पुढे गेला. सवयीनं. मावशी, खरंच गेला. मी तो मागे घेतला आणि पाठीमागे धरून ठेवला. चिठ्ठी त्यांच्या बाजूला सरकवली. पेन्सिल तिथेच होती.

मी फक्त वरचा रकाना वाचून दाखवला. "पुस्तक आलं की कसं कळवायचं? फोन, पत्र, की कळवू नका." आणि गप्प बसले.

त्यांनी चष्मा लावला. जाळ्याची सुई धरतात तशी पेन्सिल धरली. किती वेळ गेला माहीत नाही. एक बाई पुस्तक घेऊन रांगेत उभी होती, मी तिला डोळ्यांनीच थांबा म्हटलं. आधी त्यांनी नाव लिहिलं, कोनाच्या अक्षरांत, एक रेघ खूप दाबून. त्यांना लिहिता येत होतं. इतके दिवस येत होतं. मीच पेन्सिल धरून बसले होते.

रकान्यात खूण करायची असते, ती त्यांनी केली नाही. तीनही शब्दांवरून आडवी रेघ मारली आणि बाजूला स्वतःच लिहिलं. मग चिठ्ठी माझ्याकडे फिरवून म्हणाले, "वाच. मोठ्यानं नको."

मी मनात वाचलं. तुम्हालाही काय होतं ते सांगणार नाही म्हणून ठरवलं होतं. पण त्यांना विचारलं. म्हटलं, "माझ्या एका मावशीला सांगू का? ती हेच शिकवते." त्यांनी चष्मा डबीत घालता घालता विचारलं, "तीच का, कॉलेजवाली?" मी मान डोलवली. ते दारापर्यंत गेले. गमबुटाचा चिखल झटकला.

"सांग तिला," म्हणाले. "आणि मी सांग म्हणालो, ते पण सांग."

चिठ्ठीवर होतं: फोन नको. मी येतो.

तुमची
चिहो